पाडलं की आवडतं

शेफील्डच्या माणसाला एखादी वास्तू आवडायला हवी असेल, तर ती आधी पाडावी लागते. उभी असेपर्यंत तो तिला नावं ठेवतो. जमीनदोस्त झाली की तिचा फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो. लग्न होऊन १९७६ साली मी या पोलादाच्या गावात आले, तेव्हापासून हा प्रकार बघते आहे. आता तो माझ्याही अंगात मुरला आहे.

सगळ्यात लाडकं म्हणजे कॅसल स्क्वेअरचं भोक. शहराच्या मधोमध १९६७ साली हा भलामोठा गोल खड्डा तयार झाला. वर गाड्यांचा वळसा, खाली पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी वाटा आणि दुकानं, मध्ये उघडं आकाश, आणि भिंतीत बसवलेली माशांची टाकी. लोक त्याला सरळ ‘होल इन द रोड’ म्हणत. तिथला वारा, कोपऱ्याकोपऱ्यातला दर्प, अंधार पडल्यावरची धास्ती, सगळ्याबद्दल तक्रारी असत. आमच्या शेजारच्या आजींचं तर मत होतं की तिथे मासेसुद्धा नाइलाजानं राहतात. मग १९९४ च्या सुमारास ट्रामसाठी ते भोक बुजवलं आणि जादू झाली. आज पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही शेफील्डकराला विचारा, तो लहानपणी त्या काचेला नाक लावून उभा असायचा. दर्पाची आठवण एकालाही नाही.

त्यातून ट्रामची गंमत वेगळीच. जुन्या ट्राम ‘आता बसचा जमाना’ म्हणून ८ ऑक्टोबर १९६० रोजी बंद केल्या. शेवटच्या ट्रामला निरोप द्यायला गाव लोटलं होतं. चौतीस वर्षांनी पुन्हा रूळ टाकले, पुन्हा ट्राम आणली, आणि तिलाही आल्या आल्या नावं ठेवली. जुनीची सर नाही म्हणे.

बसचा जमाना मात्र मी मनसोक्त उपभोगला. दक्षिण यॉर्कशायरच्या कौन्सिलनं सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून भाडं गोठवलं होतं. पोरासोरांना दोन पेन्स! डाव्या विचारांच्या त्या कारभाराला बाहेरचे लोक ‘समाजवादी प्रजासत्ताक’ म्हणून चिडवत आणि इथले लोक ते बिरुद मिरवत. धिप्पाड ड्रायव्हर बायकांनाच काय, माझ्या गंभीर नवऱ्यालाही ‘लव्ह’ म्हणून हाक मारी. नवरा लाजून मागच्या बाकावर जाऊन बसे. १९८६ साली भाडी एकदम तिपटीच्याही वर गेली. बस वेळेवर येत नाही म्हणून रोज कुरकुरणारे आम्ही, तेव्हापासून त्या बसबद्दल बोलताना गहिवरतो.

पण खरं शेफील्ड आजींकडे होतं. मुलगी असताना त्या काटेचमच्यांना झिलई करायच्या कामाला होत्या. अशा मुलींना ‘बफर गर्ल’ म्हणत. अंगाला, पायांना तपकिरी कागद नाहीतर वर्तमानपत्रं गुंडाळायची, डोक्याला रुमाल बांधायचा, आणि फिरत्या चाकावर दिवसभर सुऱ्या-चमचे धरायचे. घरी येताना पापण्यांपर्यंत काळ्या. ‘तोंड धुतल्यावर आईला कळायचं, कुठली मुलगी परत आली ते,’ असं सांगून त्या पोट धरधरून हसत. काम भयंकर होतं हेही त्याच सांगत, आणि ‘तशी मजा पुन्हा आली नाही’ हेही त्याच.

गावाची ही नावं ठेवायची हौस जुनीच. इथल्याच हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली न गंजणारं पोलाद तयार केलं, तेव्हा चाकू बनवणाऱ्यांनी ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा’ म्हणून त्याची टर उडवली. आमच्या माहेरच्या फळीवरचे झगझगीत डबे त्याच पोलादाच्या वंशातले. आईला मात्र शेफील्ड कुठे आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझं कुंकू तिथे कसं पोचलं, याचंच तिला नवल.

जॉर्ज ऑर्वेलनं १९३७ साली या गावाला जुन्या जगातल्या सगळ्यात कुरूप शहराचा मान देऊ केला आणि एका जागी उभं राहून तेहतीस धुराडी मोजली. गाव चिडलं. आता तीच धुराडी गेल्याचं दुःख करतं. मी लालबागची असल्यामुळे हे दुःख मला नवं नव्हतं. इथे हॅडफील्ड्सच्या पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९० साली मेडोहॉल नावाचा मॉल उभा राहिला, तिकडे लोअर परळला फिनिक्स मिलचं तेच झालं. मोठमोठ्या कारखान्यांत सुखासुखी कोणी घाम गाळत नव्हतं, हे दोन्हीकडची माणसं सोयीस्कर विसरली आहेत. ज्यांची नोकरी गेली, त्यांच्या गहिवराला मी हसत नाही. बाकीच्यांच्या हसते.

महामार्गाशेजारच्या टिन्सलीच्या दोन शीतकरण मनोऱ्यांचंही हेच. वीजकेंद्र १९८० मध्ये बंद पडलं, मनोरे मात्र तसेच उभे. येताजाता ‘काय ही ब्याद’ म्हणायचं आणि लांबच्या प्रवासाहून परतताना ते दिसले की ‘आलं घर’ म्हणून सुस्कारा टाकायचा. ऑगस्ट २००८ मध्ये ऐन पहाटे ते सुरुंगानं पाडले. त्या अवेळी बघायला केवढी गर्दी! एक मनोरा पहिल्या फटक्यात पुरता पडला नाही, याचा अभिमान लोक अजून बाळगून आहेत.

मेडोहॉलला सध्या यथेच्छ शिव्या मिळतात. म्हणजे अजून काही वर्षांनी त्याच्याही फ्रेमा लागणार. त्याच्या पार्किंगच्या आठवणीनं कुणाचा तरी गळा दाटणार, यात मला शंका नाही.

पाडल्याशिवाय आवडलेली एकच वस्तू या गावात मला सापडली: हेंडरसन्स रेलिश. १८८५ पासूनची, नारिंगी लेबलाची बाटली. मांस-बटाट्याच्या पायवर हे लोक ती उलटी धरतात. वूस्टर सॉसमध्ये मासळी असते, हिच्यात नाही. चिंच आहे, लवंग आहे, म्हणून आमच्या घरी भज्यांबरोबरही चालते. शेफील्डला कधी आलात तर एक बाटली जरूर न्या. लसूण मात्र आहे, तेव्हा चातुर्मास पाळत असाल तर बाटली कार्तिकी एकादशीनंतरच उघडा.