शेजारी तुम्ही, मग पाजारी कोण?

काकू, ऐकलंत का? आमची वरची भाडेकरीण, ती पाटण्याची हो, नवरा चाकणला कंपनीत आहे तिचा. काल जिन्यातच गाठलं मला. म्हणते, "आंटी, आज मी भाकरी लाटली!" म्हटलं, अगं, पोळी लाटतात, भाकरी थापतात. तर तिने मोबाईल काढून लिहायलाच घेतलं. पापड? लाटतात. थालीपीठ? थापतात. लाडू? वळतात. शेव पाडतात, कुरडया घालतात. फुलं? ती खुडतात, बाई, तोडतात ते आंबे.

भाकरीचं एक वेळ समजतं, हाताने थापायची ती. पण दही का 'लावायचं' आणि लोणचं का 'घालायचं', सांगा बरं? मलाही नाही सांगता आलं. म्हटलं, असंच म्हणतात.

नवऱ्याची तर आणखी तऱ्हा. त्याचं सगळं मराठी कंपनीच्या लाइनवर शिकलेलं. तो रजा टाकतो, नाइट मारतो. परवा म्हणाला, "आंटी, आज माझी ओटी आहे." मी म्हटलं, अगं बाई, भरणार कोण? मग कळलं, ओव्हरटाइम! तिकडे ओटी 'करतात' हो, आपल्यासारखी भरत नाहीत.

आणि ही परत विचारते, "शेजारीपाजारीतले शेजारी तुम्ही, मग पाजारी कोण?" मी सरळ तुमच्या घराकडे बोट दाखवलं. रागावू नका हं! पण पाजारी एकटा कधी कुणाला भेटलाय का?

आपल्या पिंपरी-चिंचवडचंच बघा ना, तीही अशीच जोडी. १९७० साली नगरपालिका झाली तेव्हा पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी चार गावं एकत्र आली. पाटीवर नाव लागलं दोघांचंच. १९८२ला महानगरपालिका झाली, तरी जोडी तीच. मोरया गोसावींचं चिंचवड केवढं नावाजलेलं, पण बसलं दुसऱ्या नंबरावर. आता 'चिंचवड-पिंपरी' म्हणून बघा, जीभच अडखळते. रेल्वेला तेवढं हे लग्न मान्य नाही. तिची स्टेशनं अजून वेगवेगळी.

असो. त्या पोरीला हसू नका, चांगली शिकतेय. फक्त 'जेवण बनवलं' म्हणाली तर टोका. स्वयंपाक 'करतात'. आणि तुमच्या सूनबाईंच्याही कानावर घाला जरा, काल गॅलरीतून फोनवर त्याही तेच म्हणत होत्या.