मावळा, तयार मापात

19 फेब्रुवारीची शिवजयंती जवळ आली की नागपूरच्या सीताबर्डीत सॅटिनचे मावळे हँगरला लटकू लागतात: पाठीला चेन, कमरेला इलॅस्टिक, फेट्याला वेल्क्रो. दाढीचे पैसे वेगळे. शिवाजी महाराज जन्मले 1630 साली. चेन अन् वेल्क्रो विसाव्या शतकात रुळले. त्या काळासारखा पोशाख शिवून घ्यावा, तर मुलं भराभर वाढतात, एका दिवसासाठी खर्च कशाला, हा आक्षेप रास्तच. पण त्याचं उत्तर जुन्या अंगरख्यातच आहे: तो बंदांनी बांधत, पोर वाढलं की गाठ सैल करायची. तेव्हा स्वस्तातलाच घ्या, फक्त शिंप्याकडून पाठ शिवून, पुढून उघडून चार बंद लावून घ्या. अगदी अस्सलच हवा, असा हट्ट मात्र नागपुरात धरू नये. 1854 साली राज्य खालसा केल्यावर इंग्रजांनी भोसल्यांच्या वाड्यातली चीजवस्तू लिलावात काढली.