फाडफाडच्या पुढचे इंग्रजी

३० दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारी पुस्तके एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरही मिळतात. ती वाचून माणसाला इंग्रजी येते, पण समोरच्याला न्यूनगंड येत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन त्या पुढच्या इयत्तेचे आहे.

हा उद्योग नवा नाही, एवढे इच्छुकाने आधी समजून घ्यावे, म्हणजे लाज वाटणार नाही. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराने इंग्रजीचा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश काढला, तो अवघड शब्दांचाच. शब्द सुमारे २,५००. रोजच्या बोलण्यातल्या साध्या शब्दांना त्यात थाराच नव्हता. १६२३मध्ये हेन्री कॉकरम त्याच्याही पुढे गेला. त्याच्या कोशाच्या दुसऱ्या भागात उलटा व्यवहार होता: साधा शब्द शोधायचा आणि त्याच्या बदल्यात भारदस्त शब्द घेऊन जायचा. सोपे बोलणे अवघड कसे करावे, याची छापील सोय ४०० वर्षांपूर्वीच झालेली होती. ‘रोज एक नवा शब्द’ पाठवणाऱ्या मोबाइल ॲपवाल्यांनी उगाच शोध लावल्याचा आव आणू नये.

आपल्याकडे या विद्येचे कुलगुरू शशी थरूर. मे २०१७मध्ये त्यांनी एका ट्वीटमध्ये ‘फरागो’ टाकला आणि लोक अर्थ शोधत सुटले. फरागो म्हणजे नाही नाही त्या गोष्टींची खिचडी. मूळ लॅटिनमध्ये जनावरांपुढे टाकायची मिश्र वैरण. हे मूळ चारचौघांत सांगू नये. सोसायटीच्या वार्षिक सभेत टाकीच्या दुरुस्तीचा खर्च वाचला जात असताना उभे राहावे, ‘हा रिपोर्ट म्हणजे निव्वळ फरागो आहे’ एवढेच म्हणावे आणि लगेच बसावे. सेक्रेटरी पाने मागेपुढे करतात, खजिनदार चष्मा पुसतात, मागच्या रांगेतून कोणीतरी ‘अगदी बरोबर’ म्हणते. आपल्या हिशेबाला वैरण म्हटले गेले हे सेक्रेटरींना कळले, तर मात्र पुढच्या वर्षी टाकी त्याच सभासदाच्या गळ्यात पडते.

लांबीचा मोह टाळावा. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा २९ अक्षरांचा शब्द थरूर यांनी ऑक्टोबर २०१८मध्ये आपल्या नव्या पुस्तकाची वर्दी देताना वापरला, पण त्यांना ते पेलते. विल्यम शेन्स्टन या कवीच्या १७४१च्या पत्रातही तो आहे. किरकोळ, क्षुल्लक, शून्य अशा अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो बनला. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. मराठी माणूस हे काम नुसते नाक मुरडून करतो आणि त्याला श्वासही कमी लागतो.

त्यापेक्षा मध्यम बांध्याचे, रोजच्या वापरातले शब्द बाळगावेत. दुपारी साडेबाराच्या मीटिंगमध्ये पोटातून गुडगुड ऐकू आली, तर शरमू नये. गंभीर चेहऱ्याने ‘बोर्बोरिग्मस’ म्हणावे. शेजारचा डॉक्टरचा नंबर काढून देतो. ‘गॉन्गूझलर’ही असाच कामाचा. इंग्लंडमध्ये कालव्याच्या काठी उभे राहून बोटींची ये-जा बघत बसणाऱ्या रिकामटेकड्यांसाठी तो निघाला. आपल्याकडे कालव्यात बोटी नाहीत, पण रस्ता खणणारा जेसीबी असतो आणि त्याच्याभोवती हात मागे बांधून उभे असलेले लोकही असतात. त्यांना कामचुकार म्हटले तर भांडण होते, गॉन्गूझलर म्हटले तर सत्कार वाटतो.

जूनमध्ये पहिली सर आली की ‘पेट्रिकोर’ काढावा. ‘मृद्गंध’ लिहिणाऱ्याला मराठी माध्यमाचे समजतात. १९६४मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी तो ग्रीक भाषेतून घडवला. कनौजचे अत्तरवाले हाच वास त्याआधीपासून बाटलीत भरून विकत होते, पण त्यांनी त्याला ‘मिट्टी का अत्तर’ असे सरळ नाव ठेवले. भाव खायचा तर सरळ नाव चालत नाही.

आता धोक्याची बाब. शब्द कोशात आहे म्हणून तो शब्द असतोच, असे नाही. १९३१मध्ये वेब्स्टर कोशाच्या कचेरीत रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी एक चिठ्ठी पाठवली. घनतेसाठी डी हे अक्षर, मोठे किंवा लहान, वापरतात, एवढेच त्यात होते: ‘डी ऑर डी’. चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची, ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. पुढे कोणीतरी अक्षरे जवळ आणली, कोणीतरी उच्चार बसवला, आणि १९३४च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ हे नाम अवतरले, अर्थ घनता. फेब्रुवारी १९३९मध्ये एका संपादकाला दिसले की या बाळाची व्युत्पत्तीच कुठे नोंदलेली नाही. कोशातून ते जायला त्यानंतरही वेळ लागला. मधल्या काळात कोणी डॉर्ड वापरून सभा जिंकली असती, तर कोश त्याच्याच बाजूने उभा राहिला असता.

डॉर्ड ही निदान चूक होती. ‘एस्क्विव्हेलियन्स’ मुद्दाम पेरला गेला. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीतला हा शब्द ख्रिस्तीन लिंडबर्ग या संपादिकेच्या डोक्यातून निघाला, कोशाची नक्कल करणारे चोर पकडण्यासाठी. त्याचा दिलेला अर्थ: आपले अधिकृत कर्तव्य जाणूनबुजून टाळणे. एवढ्या सर्रास चालणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजांच्या भाषेत बनावट शब्द करावा लागला, याचे कोणाही मराठी कारकुनाला नवल वाटेल. त्याच्याकडे अंग काढणे, टोलवणे, हात झटकणे असा भरलेला दप्तरखाना आहे.

एवढे करूनही एखादा खवट श्रोता अर्थ विचारतोच, आणि सांगितलेला अर्थ चुकीचाही निघतो. अशा वेळी माघार घेऊ नये. सोळाव्या शतकातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. एक पाद्री लॅटिन प्रार्थनेत ‘सम्प्सिमस’ऐवजी वर्षानुवर्षे ‘मम्प्सिमस’ म्हणत असे. कोणी चूक दाखवली तेव्हा तो म्हणाला, तुमच्या नव्या सम्प्सिमससाठी मी माझा जुना मम्प्सिमस सोडणार नाही. तेव्हापासून अशा हटवादी माणसाला आणि त्याच्या चुकीलाही इंग्रजीत मम्प्सिमसच म्हणतात. म्हणजे इच्छुक रंगेहाथ सापडला, तरी त्याच्यासाठी आणखी एक दुर्मीळ शब्द तयार असतो. फक्त समोरच्याला तो आठवायच्या आत आपणच म्हणून टाकावा.