गटारदर्शन

अमेरिकेतल्या मेन राज्यातलं बँगोर हे एरवी थंड, सभ्य गाव. पण स्टीफन किंगने १९८६ साली ‘इट’ या भयकादंबरीत त्याचं ‘डेरी’ नावाचं काल्पनिक गाव केलं आणि तेव्हापासून लोक तिथे पदरमोड करून घाबरायला जातात. पहिला थांबा वेस्ट ब्रॉडवेवरचा किंगचा लाल वाडा. लोखंडी फाटकावर वटवाघळं, कोळ्याचं जाळं. लेखक बाहेर येईल म्हणून भक्तमंडळी ताटकळतात; किंगसाहेब हिवाळ्यात फ्लोरिडाचं ऊन खात असतात. भयसम्राटालाही मेनची थंडी सोसत नाही!

पुढे पॉल बनियनचा ३१ फुटी पुतळा. कादंबरीत तो जिवंत होऊन अंगावर येतो. इथे कुऱ्हाड खांद्यावर टाकून मुकाट सेल्फीला उभा. माउंट होप दफनभूमीत किंगच्याच कादंबरीवरच्या ‘पेट सेमेटरी’ या चित्रपटाचं चित्रीकरण झालं, त्यात खुद्द किंग पाद्री झाले होते. हे कळल्यावर खऱ्या मृतांकडे बघायला सवड कुणाला?

मुख्य गाभारा मात्र रस्त्याकडेचं पावसाळी गटार; ‘इट’मधला खुनशी विदूषक अशाच गटारात दबा धरून असतो. मोठी कर्तीसवरती माणसं तिथे गुडघे टेकतात, मान तिरकी करून आत डोकावतात. विदूषक नसतोच. कुजका पाचोळा दिसतो, त्याचाही फोटो निघतो.

मुंबईच्या पावसात छत्रीच्या टोकाने रस्ता चाचपत चालणाऱ्याला या थराराचं काय कौतुक? आपल्याकडे झाकण उघडंच असतं, दर्शन फुकट, आणि गाइडच्या जागी कुणा भल्या माणसाने भोकात खोचलेली झाडाची फांदी.