बघू नका, पाणबुडी आहे!

डहाणूहून लोकल पकडावी, चर्चगेटला उतरावं, गेटवेला जाऊन घारापुरीच्या लाँचचं तिकीट काढावं. लाँच सुटली की डाव्या हाताला नौदलाची गोदी. युद्धनौका ओळीनं उभ्या, आणि नशीब जोरावर असेल तर एखाद्या पाणबुडीची काळी पाठसुद्धा. तेवढ्यात कुणीतरी बजावतं, ‘इकडचे फोटो काढायचे नाहीत हां!’ तोवर वेफर्स खाण्यात गुंग असलेल्या मंडळींना तेव्हा कळतं की इथं फोटो काढण्यासारखं काहीतरी आहे.

गुपित राखण्याची आपली रीतच अशी. कुलाब्यात ‘आदर्श’ ही 31 मजली इमारत उभी राहिली. तिथून संरक्षण दलांची ठाणी दिसतात, अशी हरकत निघाली. उच्च न्यायालयानं 2016मध्ये ती पाडायला सांगितली, सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाला स्थगिती दिली. एवढ्या उंच टेहळ्याला कोण हात लावणार?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्कॉर्पीन पाणबुड्यांच्या गोपनीय माहितीची 22,400 पानं एका ऑस्ट्रेलियन दैनिकाच्या हाती लागली. या पाणबुड्या आपल्या माझगाव गोदीत बांधल्या जात होत्या. पानं गोळा करायला कुणी घारापुरीचं तिकीट काढलं नव्हतं. डिसेंबर 2019मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली नौदलाचेच सात जण धरले गेले, तेव्हा कुठे तळांवर स्मार्टफोन बंद झाले. काठावरून बघणाऱ्याला दिसून दिसून दिसणार काय? पाठ. पोटातलं बाहेर गेलं ते आतल्या वाटेनं.

पण पहारा काठावरच्यांवर. 26/11चे दहशतवादी ‘कुबेर’ ही पळवलेली मासेमारी बोट घेऊन आले, आणि तेव्हापासून किनाऱ्यावरचा प्रत्येक मच्छीमार ओळखपत्राचा धनी झाला. कार्ड दाखव, बोटीचा नंबर दाखव. भाषणात मात्र तोच ‘सागरी सुरक्षेचे डोळे आणि कान’. डहाणू खाडीतल्या या डोळ्यांनी समुद्रात काही संशयास्पद दिसलं तर लगेच कळवायचं. आपल्या नौदलाचं काही दिसलं तर बघितलंच नाही म्हणायचं. कुठलं कुणाचं, हे अंधारात ओळखायची जबाबदारी अर्थात त्यांचीच.

तलासरीच्या खलाशाचं त्याहून अवघड. तालुक्याला समुद्र असा झाई गावापुरताच, म्हणून पोटासाठी पाड्यावरचा आदिवासी पोरगा पोरबंदर-ओख्याच्या बोटींवर चढतो. जाळं मासळीमागे जातं, बोट जाळ्यामागे, आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोटीमागे. पुढचा मुक्काम कराचीचा तुरुंग. शिक्षा संपली तरी सुटका होईलच असं नाही. म्हणजे पाणबुडी दिसली तर हा संशयित, आणि पाण्यावरची सरहद्द दिसली नाही तर कैदी. नजर चांगली असावी की अधू, हे त्याला एकदा कुणीतरी लेखी कळवायला हवं.

2008च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. मच्छीमारांची यादी वेगळी असते, तेवढा मान आहे. असा हा खलाशी सरकारला वर्षातून दोनदा दिसतो. पाणबुडीसुद्धा त्याहून जास्त वेळा वर येते.