टीपॉयवरून डोक्यावर

दर रविवारी मिस्सेला माझ्या डोक्यावर जी काळी जाळी दिसते, ती त्याआधी दीड वर्ष आमच्या टीपॉयवर होती. वर फुलदाणी.

नणंदबाई लुर्द-फातिमाची यात्रा करून आल्या तेव्हा सगळ्यांना जपमाळा आणि लुर्दच्या पाण्याच्या बाटल्या मिळाल्या. मला मिळालं लेसचं एक नाजूक, त्रिकोणी वस्त्र. त्रिकोणी टेबलक्लॉथ कोण कशाला विणेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण आमचा टीपॉय चौकोनी, फुलदाणी गोल, त्यात एक त्रिकोण काय जड आहे, असं म्हणून मी तो कसाबसा बसवला.

नाताळच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर नणंदबाईंची नजर फुलदाणीखाली गेली.

"वहिनी, मँटिला आहे ती! मिस्सेला डोक्यावर घेतात. स्पेनच्या बायका घेतात तशी."

"हो ना," मी म्हटलं, "धुऊन वाळत घातलीय."

नाताळच्या दिवशी, गोठ्याशेजारी उभं राहून मी हे खोटं बोलले. ते खरं करायला पुढच्या रविवारी जाळी डोक्यावर घेणं भाग होतं. माझ्या भक्तीचा उगम हा असा आहे. लोक उगाच काहीतरी उदात्त समजतात.

आता आमचं वसईतलं चर्च. तिथं कोणी नवीन चप्पल घालून आलं तरी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्याची चर्चा होते. चप्पल पायात असते, ही तर डोक्यावर. दारातच एका मावशींनी माझा हात धरला आणि गळा दाटून विचारलं, "कोण गेलं गं?" दुसरीने कानाशी येऊन कांद्याचा रस लावायला सांगितलं, तिच्या सुनेचे केस त्यानेच परत आले म्हणे. तिसरीला खात्री होती की मी मुलाच्या व्हिसासाठी नवस बोलले आहे. मुलाला व्हिसा नको आहे, त्याला नोकरी हवी आहे. पण नवस म्हणून ते वाईट नव्हतं, मी मनात नोंद करून ठेवली.

रंगाचा खुलासा नणंदबाईंनी नंतर केला. काळी जाळी लग्न झालेल्यांची आणि विधवांची, पांढरी कुमारिकांची, अशी तिकडची रीत. म्हणजे माझी अगदी बरोबर होती. पण स्पेनची रीत वसईच्या मावशींना कोण सांगणार? आणि बावन्नाव्या वर्षी पांढरी घेऊन गेले असते, तर त्याचा खुलासा आणखी अवघड झाला असता.

सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्या एक्याऐंशीच्या आहेत. तीन रविवार त्या माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. चौथ्या रविवारी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आम्ही काढला, तू घेतलास. बरं आहे."

मग गोष्ट निघाली. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये, फादरांची पाठ लोकांकडे आणि उघड्या डोक्याच्या बाईला चर्चमध्ये थारा नाही. एकदा त्या तशाच धावत आल्या तर दारातल्या बाईंनी भावाच्या खिशातला रुमाल काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. भावाला सर्दी होती. "अख्खी मिस्सा मी मानसुद्धा हलवली नाही," सासूबाई म्हणाल्या. एकाग्रता म्हणतात ती हीच असावी.

तेव्हा हा नुसता रिवाज नव्हता, कायदा होता. 1917च्या धर्मसंहितेत कलम 1262 होतं: पुरुषांनी टोपी काढावी, बायकांनी डोकं झाकावं, विशेषतः प्रभूच्या मेजाकडे जाताना. पुढे 1962 ते 65 या काळात व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली. तिने या कलमाला हातही लावला नाही, पण खिडक्या उघडल्या की वाऱ्याने पदर सरकतातच. 1976मध्ये रोमने एका दस्तऐवजात जाता जाता म्हटलं की ही फारशा महत्त्वाची नसलेली शिस्त आता बंधनकारक नाही. 1983च्या संहितेत तर तिचा उल्लेखच नाही. सासूबाईंनी पदर खाली घेतला तो 1969मध्ये. म्हणजे रोमच्या सात वर्षं आधी.

"माझी सासू आठ दिवस माझ्याशी बोलली नाही," त्या म्हणाल्या. "आता तू घेतेस, तर मी बोलायचं की नाही, ते सांग."

मला उत्तर सुचलं नाही. मी गवारीच्या शिरा काढत राहिले.

या सगळ्याच्या मुळाशी संत पौल. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात बायकांनी प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकावं असं तो सांगतो, आणि कारणांमध्ये एक कारण देवदूत असंही देतो. देवदूतांचा इथं काय संबंध, यावर पंडितांचा अजून खल चालू आहे. त्याच दमात तो म्हणतो की पुरुषाने केस लांब वाढवणं त्याला शोभत नाही. आमच्या दिवाणखान्यातल्या तसबिरीतल्या येशूचे केस खांद्यापर्यंत आहेत. तसबिरीखाली आमचे हे बसतात; पौलाच्या कसोटीला घरात पूर्ण उतरणारे तेवढे एकच, कारण त्यांना केसच नाहीत. डिसेंबरात पहाटेच्या मिस्सेला मात्र ते कानटोपी घालतात आणि दारात काढायला विसरतात. मी कोपर मारते. "बिशपस्वामींना चालते ती टोपी?" ते कुजबुजतात. बिशपांची गोल टोपीसुद्धा मिस्सेच्या मुख्य भागात उतरते, हे माझ्या लक्षात आलं ते स्वतःचं डोकं कामाला लागल्यावरच.

आणि डोक्याला काम फार असतं. आमच्या आजीच्या लुगड्याचा पदर सुती, केसांना खोबरेल तेल. एकदा घेतलेला पदर मिस्सा संपेपर्यंत हलत नसे. माझे केस शाम्पूचे, त्यावर निसरडी लेस. चार काळे आकडे लावले तरी ती उतरणीला लागते. एकदा ख्रिस्तप्रसाद घेऊन मी गुडघ्यांवर डोळे मिटून बसले होते, तेवढ्यात पंख्याचा वारा जाळीत शिरला. डोळे उघडले तर ती पुढच्या बाकावरच्या काकांच्या मानेवर. त्यांना वाटलं कोळ्याचं जाळं. त्यांनी गीतांच्या पुस्तकाने ते दोनदा झटकलं, मग हातात घेऊन बारकाईने पाहिलं आणि वळून अदबीने म्हणाले, "तुमचं जाळं."

तरी मी जाळी सोडली नाही. कारण सांगते, पण नणंदबाईंना सांगू नका. जाळीची कड दोन्ही गालांवर येते आणि शेजारचं दिसत नाही. पूर्वी वसईत टांग्याच्या घोड्यांना झापडं असायची, तसं. कोणाची साडी नवीन, कोणाचा दागिना मोडून केलेला, कोणाच्या मुलीशेजारी कोणाचा मुलगा बसलाय, सगळं बंद. नाइलाजाने समोर बघावं लागतं. एका रविवारी तर मी प्रवचन शेवटपर्यंत ऐकलं. बरं होतं.

अर्थात आरशाचा दोष राहतोच. निघताना मी एकदा जाळी बघते, मग जाळीतली मी बघते, मग पुन्हा जाळी. हे काही विनयाचं लक्षण नव्हे. म्हणून उपवासकाळात पापनिवेदनाला गेले तेव्हा नाताळच्या खोट्याबरोबर हेही सांगून टाकलं. पलीकडच्या जाळीआड फादर बराच वेळ गप्प होते.

"तीन वेळा 'नमो मरिया' म्हणा," शेवटी ते म्हणाले. मी उठायला लागले, तसा आवाज आणखी खाली आला. "आणि ती मिळते कुठे? आमच्या आईला आमच्याकडच्या टीपॉयसाठी तशीच हवी आहे."