पावती आज, पाणी आराखड्यानंतर

विकासाला दोन मुहूर्त लागतात. एक विकास शुल्क भरण्याचा, तो कायद्यानं काढून ठेवलाय. दुसरा प्रत्यक्ष विकास होण्याचा, त्यासाठी अजून पंचांगच छापलेलं नाही.

महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 1992 साली विकास शुल्काचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. बांधकामाची परवानगी मागितली की रेडी रेकनरवरून हिशेब होतो, तो चुकता केल्यावरच काम सुरू करण्याचा दाखला मिळतो. म्हणजे पायाच्या खड्ड्यात पहिला टिकाव पडण्याआधी पैसे तिजोरीत. ते वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सोयींवर खर्च करावेत, असंही कायदा सांगतो. किती दिवसांत, एवढं लिहायला बहुधा शाई संपली. सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या इमारतींना मात्र हे शुल्क लागत नाही. त्यांना विकासाचा पूर्वानुभव असणार.

आता पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकचं घ्या. शंभूराजांच्या समाधीला येणाऱ्यांची वर्दळ असतेच. शिवाय सणसवाडी, शिक्रापूरचे कारखाने हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गुंठ्याचा भाव कांद्यापेक्षा भरवशाचा. समजा, इथं कुणी चार मजल्यांची इमारत उठवली. परवानगी 2015 साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीएमआरडीएची, त्यामुळे शुल्क गेलं त्यांच्या ऑफिसात, आकुर्डीला. इमारतीचं सांडपाणी मात्र आकुर्डीला जात नाही. ते उताराप्रमाणे वागतं आणि ओढ्याला येतं. कचरा वेशीवर येतो आणि तक्रार सरपंचांच्या मोबाइलवर.

आणि पाणी? त्यासाठी हमीपत्र असतं. सार्वजनिक योजना येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन, असं बिल्डर स्टॅम्पपेपरवर लिहून देतो आणि सोसायटी झाली की ती सोय टँकरच्या बिलासकट सभासदांच्या हवाली करतो. शुल्कही त्यांच्याच फ्लॅटच्या किमतीतून वसूल झालेलं असतं. म्हणजे पाण्याचे पैसे एकदा न येणाऱ्या नळासाठी, एकदा येणाऱ्या टँकरसाठी. बिल्डरांची काळजी घेणारं कुणी नाही असंही नाही. 2021 साली सरकारनं बांधकामाच्या अधिमूल्यात, म्हणजे प्रीमियममध्ये, वर्षभर 50 टक्के सूट दिली होती. टँकरवर सूट देण्याची कल्पना कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही.

त्याच 2021 मध्ये पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. लोक नकाशात आपलं वावर शोधत बसले. कुणाच्या उसातून रस्ता गेला होता, कुणाच्या विहिरीवर आरक्षण पडलं होतं. हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, झेरॉक्सवाल्यांचा विकास झाला. 2025 साली सरकारनं आराखडाच रद्द केला. शुल्क रद्द झालं नाही. ज्या विकासासाठी ते घेतात त्याचा नकाशा हयात असला पाहिजे, अशी काही अट नसते.

आमच्या ओळखीचे एक आबा आहेत. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि ग्रामसभेत ठराव मांडला: यंदाची घरपट्टी ग्रामस्थांनी हमीपत्रावर भरावी. ‘पट्टी भरण्याची जबाबदारी आमची राहील, नवा आराखडा मंजूर होताच रक्कम टप्प्याटप्प्यानं देऊ.’

ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पदनामाचा विकास तेवढा झालाय) हादरले. “आबा, पट्टीला मुदत असते. नाही भरली तर नोटीस काढावी लागंल मला.”

“काढा की,” आबा म्हणाले. “अन् तसलीच एक आकुर्डीला काढा. नमुना एकच चालंल.”

“त्यांना कशी काढू? ते वरचं ऑफिस.”

“मग पाणी उताराला लागू द्या, सायेब. वरून खाली कवातरी येईलच.”

ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि अभिप्रायासाठी वर पाठवण्यात आला.